बंद न पडणारा डबा

वरच्या खोलीतल्या उघड्या पलंगावर धम्मानंदने तीन यंत्रं लग्नाची स्थळं मांडावीत तशी मांडली आणि फोनचा कॅमेरा त्यांच्यावरून फिरवला. फोनमध्ये प्रशिक होता, लिस्बनला. तिकडे सकाळ; इकडे नागपूरच्या सक्करदऱ्यात मे महिन्यातली भर दुपार. कूलर गरम वारा फेकत होता.

प्रशिकची आई, सिंधूताई, दारात उभी राहून हे पाहत होती. लेकाच्या कंपनीने फर्मान काढलं होतं: पहिल्या तारखेपासून सगळ्यांनी भारतातल्या आपापल्या घरूनच काम करायचं, बाहेर सापडेल त्याला नारळ. ते कळलं त्याच दिवशी सिंधूताईंनी वरच्या भाडेकरणीला, भूमिकाला, खोली सोडायला सांगितलं. नर्स होती, गुणाची होती, रोज संध्याकाळी चहाला खाली यायची. पण लेक घरी यायचा म्हटल्यावर भाडेकरूचं काय कौतुक! काल ती सामान घेऊन गेली. तिच्यामागे सिंधूताईंनी पंख्याची पाती पुसली, गादी उन्हात टाकली.

"हा जुना लॅपटॉप," धम्मानंद म्हणाला. तो प्रशिकचा शाळेपासूनचा दोस्त, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. "चालते बे, पण आपल्या उन्हात बॅटरी फुगते."

"नको. दुसरा?"

"हे लहानसं. स्वस्त हाय. पण मेमरी कार्ड कधी दगा देईन, भरोसा नाही."

"कट. तिसरा?"

तिसरा काळा, विटेएवढा. आत पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. इन्व्हर्टरवरही आरामात चालणारा.

"लाइन जाऊन आली तं?"

"आपोआप सुरू होते. कोणी हात लावाची गरज नाही. घरात कोणी नसलं तरी चालते."

"मंग हाच."

घरात कोणी नसलं तरी. सिंधूताईंना ते बोलणं आवडलं नाही.

"काहून गा धम्मानंद, एवढं काय पाहून राहिला? बिघडला तं प्रशिक पाहीन ना. तो राहीन ना इथं."

धम्मानंद वायरीचा गुंता सोडवू लागला. वायरीला गुंता नव्हता. फोनमधला प्रशिक फोटोसारखा थिजला. रेंज गेली म्हणावी, तर लेकाच्या पापण्या हलत होत्या.

"हे असते तरी काय?"

"घरचा व्हीपीएन सर्व्हर, काकू." धम्मानंद मान खाली घालून बोलला. "माणूस जगात कुठंही बसून काम करो, त्याचं काम आधी या डब्यात येते, अन् मंग इथून पुढं जाते. पाहणाऱ्याले वाटते, तो याच घरात बसून हाय."

सिंधूताईंनी फोन आपल्याकडे वळवला.

"तिकीट काढलं का, बाबू?"

"आई..." लहानपणी काही फोडलं की असाच मऊ आवाज यायचा त्याचा. "येऊन काय करू, सांग? यावं लागू नये म्हणूनच तं हा डबा घेऊन राहिलो."

सिंधूताई पलंगाच्या कडेला बसल्या. कूलर खडखडत राहिला.

"तुले काही त्रास नाही, आई. फक्त हा बंद पडू देऊ नको. बंद पडला का मी पकडल्या जातो. नोकरी गेली, व्हिसा गेला, गाशा गुंडाळून सीधा नागपूर. समजलं ना?"

"समजलं."

धम्मानंदने वायर जोडली. डब्यावर हिरवा दिवा लागला. तिकडे प्रशिकने हुश्श केलं, "जेवून घे वं आई" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

सिंधूताई त्या दिव्याकडे पाहत राहिल्या. मग कोणी पाहुणा असावा तसा त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने विचारलं,

"धम्मानंद, याचं बटन कुठं असते गा?"