हळदीची पुडी

"एवढी एमएस्सी झालीस, आणि साधी पुडी बांधता येईना?" व्हिडिओ कॉलवर वडील हसले.

आमच्या कंपनीला हळदीसाठी प्लास्टिक आणि गोंद टाळणारं कागदी पाकीट हवं होतं. वडिलांनी चाळीस वर्षं किराणा दुकानात पुड्या बांधल्या होत्या. आई गेल्यावर दुकान बंद झालं. आता ते घरी एकटेच असतात.

रोजच्या फोनवर ते एकच घडी शिकवत, पुढची राखून ठेवत. आज फक्त शेवटची उरली होती.

"ती उद्या," त्यांनी पुडी बाजूला ठेवली. "उद्या करशील ना फोन?"

ती घडी मला केव्हाच जमली होती. पाकीट सोमवारीच मंजूर झालं होतं.

"करते ना, अण्णा. आणि साखरेची मोठी पुडी वेगळी बांधतात ना? तीही शिकायचीय."