माशांचा नंबर

पुन्हा आकडा अडकला. पडद्यावर तळ्यातल्या प्राणवायूची रेघ मध्येच तुटली आणि सूनबाईने कपाळाला हात लावला. मागच्या एका ढगाळ दुपारी ती अशीच तुटली होती. बिनतारी हुकूम न पोचल्याने पाणी घुसळून हवा मिसळणारी चाकं वेळेवर फिरली नाहीत आणि सासऱ्यांचं एक अख्खं तळं मेलेल्या माशांनी पांढरं झालं. त्या दिवशी सासरे जेवले नव्हते.

दोष तसा कुणाचाच नव्हता. खोऱ्यात बिनतारी संदेशांना वाट एकच, आणि तिच्यावर पहिला हक्क रुग्णवाहिकांचा. त्या बोलू लागल्या की तळ्यांनी गप्प बसायचं. पण डोंगराआडून त्यांचंही बोलणं धड पोचत नसे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घसा फोडून सांगावी लागे. वाट सदा अडलेली.

सूनबाई रेडिओची इंजिनिअर. ती उठली आणि थेट रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात गेली. तिथल्या प्रमुख बाईंना सगळं खोरं मावशी म्हणायचं.

"माशांसाठी माणसांना थांबवू?" मावशी कडाडल्या. "एक मिनिट मिळायचं नाही."

"मी वेळ मागतच नाहीये, मावशी. डोंगरावर आमचा मनोरा आहे. तो आधी तुमचं ओझं वाहील. गाडीचा निरोप आणि दवाखान्याचा निरोप एकत्र कालवून एकदाच सोडेल."

"कालवून? मग कुणाला काय कळणार, कपाळ?"

"आपण काय बोललो ते ज्याचं त्याला ठाऊक असतंच ना? यंत्र तेवढं वजा करतं. उरतं ते समोरच्याचं. तुमचं काम चटकन उरकेल. मग रिकाम्या वाटेवर आमचे मासे."

मावशींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "करून बघ. पण एक जरी निरोप चुकला, तर तुझा मनोरा बंद."

एकही चुकला नाही. गाडीवाले एकदाच बोलायचे आणि "पोचलं का?" विचारेपर्यंत दवाखान्याचं उत्तर हजर. मावशींच्या टेबलावर वाट मागणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांशेजारी आता तळ्यांचेही दिवे लागू लागले. त्यांनी मनोरा बंद केला नाही.

मग एके दुपारी आभाळ दाटून आलं. वारा पडला. सगळ्या तळ्यांतला प्राणवायू एकदमच उतरू लागला. आकडे वेळेवर आले, हुकूम गेले, एकेक करून चाकं फिरली. फक्त मोठ्या तळ्याची हलेनात. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. हुकूम पुन्हा सोडायला हवा होता. सूनबाईचं बोट बटणाजवळ गेलं आणि नेमका तेव्हाच रुग्णवाहिकेचा दिवा लागला.

तिने हात मागे घेतला. तळ्याकाठच्या त्या खोलीच्या दारातून सासऱ्यांनी ते पाहिलं. "बरोबर केलंस," एवढंच म्हणाले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

दिवा विझला. गाडी बोललीच नव्हती! सूनबाईने लगेच बटण दाबलं. चाकं खडखडली, अडखळली आणि फिरली. सासऱ्यांच्या सदऱ्यावर पाण्याचे शिंतोडे उडाले आणि ते लहान मुलासारखे हसले.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. मावशी होत्या.

"गाडी रिकामीच परत येत होती गं, पोरी. मीच म्हटलं, थांबा; आधी मासे बोलून घेऊ देत."