पावणेसहा

पतसंस्था बुडवणाऱ्या चेअरमन हौसराव आप्पांच्या जप्त वस्तूंचा शिरूरला लिलाव झाला. शंभर वर्षं तारीख चुकणार नाही असं त्यांचं प्लॅटिनमचं घड्याळही निघालं. पण पांढरं म्हणजे स्टीलच, असं समजून कुणी बोली चढवेना. ते करुणाला मिळालं.

ती लहान असताना वडगाव रासाईला आप्पांच्या मळ्यात तिची आई खुरपायला जायची. बांधावर करुणाच्या मांडीवर तान्हा भाऊ भुकेनं रडून रडून दमायचा. आई विचारायची, "आप्पा, लेकराला पाजून येऊ का?" आप्पा मनगटावरच्या याच घड्याळात बघायचे. "सहा वाजू दे की."

लिलाव संपल्यावर आप्पांनी करुणाला दारातच गाठलं. "ताई, तेवढं घड्याळ माघारी द्या. लई जीव हाय माझा त्याच्यात."

करुणा तिथल्याच पायरीवर बसली. कडेवरच्या तान्ह्या लेकीला पदराखाली घेऊन तिनं आधी निवांत पोटभर पाजलं. मग पर्समधून घड्याळ काढून पाहिलं.

"देते की आप्पा, फुकट देते. फक्त सहा वाजू द्या."



जप्तीच्या तिजोरीत पडून पडून घड्याळ पावणेसहालाच बंद पडलं होतं, आणि त्याला किल्ली द्यायचा करुणाचा विचार नव्हता.