पहिला घोट

शांतता समितीवर निवडून आलेल्या वरबापाने बुतोयीला चक्क मांडवात बोलावलं. ती त्वा जातीची कुंभारीण. लग्नकार्यात तिच्या लोकांना दारू मिळायची ती कुंपणाबाहेर, वेगळ्या तुंब्यात. "बुरुंडीत आता सगळे सारखे. बस मावशी, पहिला घोट तुझा." मधोमध तिनेच घडवलेलं मडकं होतं, केळ्यांच्या दारूने काठोकाठ भरलेलं. त्याच मडक्यातून एकत्र प्यायला सगळ्यांच्या हातात बोरूच्या नळ्या होत्या. बुतोयीने नळी बुडवली, घोट घेतला. टाळ्या वाजल्या. मग एकाला बांधायची गुरं आठवली, दुसऱ्याचं पित्त खवळलं. "माझं तर बाई पोटच भरलंय," विहीणबाई म्हणाल्या. बाकीच्या नळ्या कोरड्याच राहिल्या. "मावशी, हे घरी घेऊन जा. तुझा मान," वरबाप हसला. भरलेलं मडकं डोक्यावर घेऊन ती कुंपणापाशी पोचली, तेव्हा त्याने हळूच सांगितलं, "नवं मडकं मात्र लगेच पाठव. पाहुणे तहानलेत."