डिस्कमधला आवाज

रोहिणखेडच्या जनकाबाई गेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकायच्या आशेने एसटीने बुलढाण्याला आल्या. नवऱ्याने घरी बरंच रेकॉर्डिंग करून कॉम्प्युटरमध्ये ठेवलं होतं, पण तो कॉम्प्युटर बंद पडला होता. दुरुस्तीच्या दुकानातल्या संघपालने त्याची डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. फोल्डर उघडेना, म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहून आतल्या फायली कशाबशा बाहेर काढल्या. दोघं दुपारभर ऐकत बसले.

“मावशी, साऱ्या फायलीत तुमचाच आवाज हाये. कुठी गाणं, कुठी कोंबड्याईले हाकलणं. काकाचा एक शब्दबी नाही,” संघपाल थकून म्हणाला.

जनकाबाई स्पीकरकडे बघत म्हणाल्या,


“आन् मी जलमभर भांडत राह्यली, का हा माणूस माह्यं ऐकतच नाही.”