धूर ओढणारं यंत्र

"हवा इकत घ्यायची म्हनं! उद्या ऊन बी इकत आणाल," मागच्या सीटवरून आई पुटपुटली.

प्रल्हादने गाडीच्या आरशात पाहिलं. आईच्या शेजारी इशिता रुमालात नाक खुपसून बसली होती. अकरा वर्षांची पोर, पण दोन महिन्यांत डोळे कांदे चिरून उठल्यासारखे झाले होते. आधी शिंका, मग छातीत बारीक शिट्टी. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी आहे. घरात नवीन काय आलंय ते शोधा, नाहीतर हे दम्यावर जाईल.

घरात दोन महिन्यांपूर्वी नवीन आलं होतं ते एकच. ते मागच्या सीटवर बसून पुटपुटत होतं.

गाडीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

अबुधाबीच्या हमदान स्ट्रीटवरच्या दुकानातल्या खैरुद्दीनने मात्र पहिला प्रश्न तोच विचारला. "भाईसाब, छींकें कब से शुरू हुईं? घर में कुछ नया आया क्या? कालीन? बिल्ली?"

आई एका टेबलफॅनकडे फारच लक्ष देऊन बघू लागली.

"कालीन," छाया घाईने म्हणाली.

घरातला गालिचा सहा वर्षांचा जुना होता. बायकोच्या या चांगुलपणाने प्रल्हादला भरून आलं.

खैरुद्दीनने दोन यंत्रं पुढे केली. धाकटं फक्त धूळ खायचं. थोरल्यात कोळशाची जाळी होती, ते धूर आणि वासही ओढायचं. शिवाय त्याला एक चिमुकला दिवा होता. हवा चांगली असली की हिरवा, बिघडली की लाल.

"धुळीचंच बास," प्रल्हाद म्हणाला. "वाळूला तोटा नाही, पण आपल्या घरात धूर कुठला आलाय?"

"मोठंच घ्या. खालच्या रशीदाभाभी दिवसभर बखूरचा धूप जाळतात. तो सगळा धूर वर येतो."

"साडेसातशे दिरहम, छाया! म्हणजे जवळजवळ नऊ हजार रुपये."

"पोरीच्या श्वासापेक्षा जास्त आहेत का?"

खलास. यंत्र डिकीत गेलं.

प्रल्हादची नोकरी रुवैसच्या रिफायनरीत. आठवडाभर तिथल्या कॅम्पात राहायचं, बुधवारी संध्याकाळी अबुधाबीला घरी यायचं. त्यामुळे घरच्या सकाळी त्याच्या वाट्याला दोनच यायच्या, गुरुवारची आणि शुक्रवारची. आणि या दोन्ही सकाळी घरातल्या बायका एकमेकींशी अवाक्षर बोलत नसत.

आई कराडजवळच्या खेड्यातली, चौथी पास. छाया पुण्याची, एम.ए. बाबा गेल्यावर आईला इकडे आणायचा हट्ट छायाचाच, तरी प्रल्हादच्या मनात धाकधूक होतीच. संध्याकाळी त्याच्यादेखत दोघी गोड असत. सकाळी मात्र दोघींचे ओठ शिवलेले. मीठ हवं तर बोट दाखवायचं, नको तर "अंहं". त्याने चहा मागितला तरी छाया नुसती मान हलवायची. म्हणजे सासूवरचा राग नवऱ्यावर. हल्ली ती हसायची तीही तोंडावर हात धरून, जणू हसणं त्याच्या नजरेस पडायला नको. आणि काल बाथरूममधली टूथपेस्टची गलेलठ्ठ ट्यूब त्याच्या बॅगेत टाकत म्हणाली, "रुवैसला घेऊन जा. इथे पडूनच असते." आपलं इथे काही राहू द्यायचं नाही, असाच त्याने त्याचा अर्थ लावला.

यंत्र तिने इशिताच्या खोलीत ठेवू दिलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं.

शुक्रवारी सकाळी प्रल्हाद गळ टाकून बसलेल्या कोळ्यासारखा त्या दिव्यासमोर बसला. हिरवा. चहा झाला, पेपर झाला, तरी हिरवा. नऊ हजारांचं पुण्य पदरात पडल्यासारखं वाटून तो इशिताला घेऊन खाली बेकरीतून खुबूस रोट्या आणायला गेला.

परत येऊन दार उघडलं तर दिवा लालभडक.

"पप्पा, इट्स रेड!" इशिता ओरडली आणि लागोपाठ शिंकली. "बट रशीदा आंटी इज इन खोर फक्कान!"

खरंच की. रशीदाभाभी कालच बहिणीकडे गेल्या होत्या. येताना त्याने त्यांच्या दाराचं कुलूप पाहिलं होतं. मग धूर आला कुठून?

त्याने इशिताला खोलीत पाठवलं आणि नाक वर करून वासामागे निघाला. स्वयंपाकघरात उग्र, घशाला खवखवणारा वास होता. आई ओट्याशी, छाया खिडकीशी. दोघींचे ओठ मिटलेले.

"काय करपलं?"

छायाने तव्याकडे बोट दाखवलं.

"पोळी?"

तिने मान हलवली. परात मात्र कोरडीच होती.

आतून पोरीच्या छातीतली शिट्टी ऐकू आली आणि प्रल्हादचा धीर संपला. पोळ्या काय, बखूर काय, गालिचा काय! किती दिवस एकमेकांना फसवायचं?

"आई, वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "हे सगळं तू आल्यापासून सुरू झालंय. आणि तुमचं दोघींचं पटत नाही, हेही मला दिसतं. छाया बिचारी बोलत नाही, पण घुसमटतेय ती. मी तिकीट बघतो. तू परत जा, आई."

आईचे डोळे भरले. तरी ती तोंडातून शब्द काढेना. नुसती सुनेकडे बघत राहिली.

छायाने तोंडावर हात दाबला आणि ती बेसिनकडे धावली. रडायला गेली, प्रल्हादला वाटलं. ती वाकली, काळीभोर पिंक टाकली, खळखळून चूळ भरली, पदराने ओठ पुसले आणि त्या सकाळचं पहिलं वाक्य बोलली.

"आई कुठेही जायच्या नाहीत. मला अजून मिश्री भाजायला जमत नाही."