इंजिनाचा श्वास

ओवी बापाची गाडी घेऊन सासवडला मैत्रिणीकडे निघाली. लेकीला हात करून सलिल गॅरेजमध्ये परतला, तोवर श्रीनिवासकाका स्टुलावर येऊन बसलेही होते.

नारायण पेठेतले हे निवृत्त मास्तर गेलं वर्षभर दर रविवारी हडपसरला येत. त्यांचा एकुलता एक मुलगा वरद सलिलचं गिऱ्हाईक. त्याचं शर्यतीचं इंजिन सलिलनेच बांधून दिलं होतं. आठवड्याच्या आत सासवडच्या वाटेवरच्या दिवे घाटात गाडी पेटली आणि वरद आतच राहिला. राखेत पोलिसांना कारण काही सापडलं नाही. "पोराला वेगाचं वेड होतं," असं सलिल सगळ्यांना सांगे.

काका पहिल्यांदा आले तेव्हा आता भांडण होणार, असंच सलिलने धरलं होतं. पण म्हातारा भांडला नाही, रडलाही नाही. नुसता काम बघत बसला. हळूहळू सलिलला त्यांची सवय झाली, नव्हे, जीवच जडला. सुटे भाग आणायला जाताना तो गॅरेज त्यांच्यावर टाकून जाऊ लागला. कालही गेला होता.

"हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" काकांनी विचारलं. "आणि आज काय बसवताय?"

"कॅच कॅन." सलिलने ॲल्युमिनियमचा डबा दाखवला. "इंजिनाच्या पोटात दाब साठतो, तो नळीवाटे बाहेर पडतो. त्याच्याबरोबर तेलाची वाफ येते, ती या डब्यात अडकते. इंजिनाचा श्वासच म्हणा ना."

"वरदच्या गाडीला होता हा."

"होता."

"तुमच्याही आहे."

"आहे की."

बराच वेळ काम बघत चहा संपवून काकांनी कप खाली ठेवला. "ओवी एव्हाना घाटात पोचली असेल, नाही?"

सलिलचा पाना थांबला. "का हो?"

"काल तुम्ही नव्हतात. वर्षभर बघून थोडंफार शिकलोय आता." हजेरी घ्यावी तसा काकांचा आवाज सपाट होता. "वरदच्या गाडीला जे झालं होतं, ते मी तुमच्या गाडीला करून ठेवलंय."

सलिलने हसून बघितलं. काका त्याच्याकडे पापणी न हलवता पाहत होते. सलिलने ओवीला फोन लावला. पलीकडे रिंग वाजतच राहिली. 'उचल गं बाई, उचल.'

"हां बाबा, बोला."

"ओवी, गाडी कडेला घे! इंजिन बंद कर! काम करताना कोंबतो तो फडक्याचा बोळा नळीत राहिलाय! तेल उडेल तापलेल्या टर्बोवर, गाडी पेटेल! उतर आधी, लांब हो!"

दार आपटल्याचा आवाज आला. मग ओवीचा घाबरलेला सूर आला, "उतरले बाबा. उतरले."

सलिलने फोन ठेवला. त्याला हुंदका फुटला. "काका, अहो, माझ्या पोरीने तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"काहीच नाही." काकांनी चपला पायात सरकवल्या. "म्हणून तर तुमच्या गाडीला मी हातही लावलेला नाही. बोळ्याचं मला आत्ता तुमच्याकडून कळलं."